संगणक शंका : जुनी हार्ड डिस्क, नवी सिस्टीम

प्रश्न : २०१४ साली जुळवून घेतलेला डेस्कटॉप आहे, हार्ड डिस्क ५०० जीबीची. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, म्हणून सी मोकळं करून तिथे लिनक्स मिंट ही मोफत सिस्टीम टाकायला घेतलं. काम अर्ध्यावर येतं आणि ‘इनपुट-आउटपुट एरर’ येऊन बंद पडतं. पेनड्राइव्ह बदलला, तरी तेच. घरचे सगळे फोटो डी मध्ये आहेत. पूर्ण फॉरमॅट मारला तर डिस्क सुधारेल का?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : फॉरमॅट मारू नका, आणि पुन्हा इन्स्टॉलही करून बघू नका. आधी फोटो.

पेनड्राइव्हवरून मिंट सुरू करा (इन्स्टॉल न करता), ‘डिस्क्स’ हे ॲप उघडा, हार्ड डिस्क निवडा आणि तीन टिंबांच्या मेनूतून स्मार्ट डेटा (डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद) पाहा. वर ‘डिस्क इज ओके’ लिहिलेलं असेल, त्यावर जाऊ नका. खालच्या यादीतले चार क्रमांक बघायचे : ५, १९७, १९८ आणि १९९.

१९७ म्हणजे वाचता न येणारे, निकाल न लागलेले सेक्टर (डिस्कवरचे डेटा ठेवायचे छोटे कप्पे). तिथे नवं काही लिहिलं गेलं, की डिस्क एकतर तोच सेक्टर पुन्हा वापरते, नाहीतर राखीव साठ्यातला दुसरा देते. दुसरा दिला की ५ चा आकडा वाढतो. फॉरमॅटनंतर ‘डिस्क बरी झाली’ असं वाटतं ते यामुळेच. १९७ शून्यावर येतो, पण आतली झीज तशीच राहते आणि फोटो मात्र जातात. १९८ वाढलेला असेल तर तोही त्याच वाटेवरचा.

१९९ ची गोष्ट वेगळी. हा डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यात डेटा नेताना झालेल्या चुकांचा आकडा, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा या दोघांना जोडणारी साटा केबल असते. हा आकडा कधी कमी होत नाही, म्हणून आजचा लिहून ठेवा. मशीन बंद करून, प्लग काढून, केबल बदला आणि मदरबोर्डवरचं दुसरं पोर्ट वापरा. ५ आणि १९७ शून्य असतील, तरच दहा-पंधरा जीबी कॉपी करून पुन्हा बघा. आकडा जागचा हलला नाही, तर दोष केबलचा किंवा पोर्टचा होता. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत कनेक्टरचे पाय काळवंडतात. नवी केबल आणण्याआधी जुनीच दोन-चारदा काढून घालून पाहायला हरकत नाही.

५ किंवा १९७ शून्य नसेल, तर डी मधून साधं कॉपी-पेस्ट करू नका. एकेका खराब जागेवर डिस्क घुटमळत राहते, तेवढ्यात उरलेलंही हातचं जातं. विंडोजचं डिस्क दुरुस्त करणारं चेकडिस्कही चालवू नका. बिघडत्या डिस्कची नक्कल काढणारा डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम वापरा. उबुंटू आणि मिंटमध्ये त्याचं पॅकेज जीडीडीरेस्क्यू या नावाने मिळतं. नक्कल ज्यावर उतरवायची ती नवी डिस्क किमान तेवढ्याच क्षमतेची हवी. पहिल्या फेरीत अडलेल्या जागा ओलांडून जेवढं सहज मिळेल तेवढं घ्या, अडलेल्या जागांवर दुसऱ्या फेरीत जा. मॅप फाइल (कुठवर वाचून झालं याची डीडीरेस्क्यूची नोंद) वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा. पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या लाइव्ह सिस्टीममध्ये ठेवली तर रीस्टार्टला पुसली जाते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. कमांडमध्ये आधी जुनी डिस्क, मग नवी. हा क्रम उलटा झाला की फोटोंवर पाणी सोडायचं! एंटर दाबण्याआधी दोन्हींचं मॉडेल आणि क्षमता मोठ्याने वाचा.

एवढं झाल्यावर मिंट त्या जुन्या डिस्कवर टाकू नका. मिंटसाठी २५० जीबीच्या आसपासची अडीच इंची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) मुंबईत लॅमिंग्टन रोडवर कुठेही मिळेल. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) साटा मोड ‘आयडीई’ या जुन्या पद्धतीवर असेल तर इन्स्टॉल करण्याआधीच ‘एएचसीआय’ करा. जुनी डिस्क बॅकअपला म्हणूनही ठेवू नका.

प्रश्न : विंडोज ११ चा सेटअप म्हणतो, ‘या डिस्कवर एमबीआर पार्टिशन टेबल आहे, इन्स्टॉल करता येणार नाही’. डिस्क जुन्या मशीनमधली आहे.
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : डिस्क बिघडलेली नाही. पार्टिशन टेबल म्हणजे डिस्कचे भाग कसे पाडलेत याची नोंद; एमबीआर ही तिची जुनी पद्धत, जीपीटी नवी. यूईएफआय (बायोसची नवी आवृत्ती) पद्धतीने चालू झालेल्या मशीनला जीपीटी टेबल हवं असतं. डेटा नको असेल तर बाकीच्या डिस्क काढून ठेवा. सेटअपच्या पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबा, ‘डिस्कपार्ट’ चालवा, ‘लिस्ट डिस्क’ने क्रमांक बघा, तो ‘सिलेक्ट’ करा, मग ‘क्लीन’ आणि ‘कन्व्हर्ट जीपीटी’. क्लीनने सी, डी, ई सगळंच जातं, फक्त सी नव्हे. डेटा हवा असेल तर आधी दुसरीकडे काढून घ्या.