उतरलेला रंग आणि न तुटलेले लिग्निन

प्रिय विद्यार्थिमित्रा,

अनेक आशीर्वाद. कागदगिरणीच्या ब्लॅक लिकरवर जीवाणू वाढवून उपयुक्त रसायने मिळवण्याचे काम तू हाती घेतलेस, याचा मला मनापासून आनंद झाला. लगदा शिजवताना लिग्निन, म्हणजे लाकडाचे तंतू घट्ट बांधून ठेवणारा चिवट पदार्थ, विरघळून या काळ्या द्रवात उतरते आणि बहुतेक गिरण्या ते भट्टीत जाळतात. त्यातून वाफ, वीज आणि पुन्हा वापरता येणारी रसायने मिळतात हे खरे. पण बेंझिनची वलये आयती असलेला एवढा मोठा साठा केवळ उष्णतेसाठी खर्ची पडावा, याची हळहळ मला अजूनही वाटते.

तुझ्या एका वाक्यापाशी मात्र मी थबकलो. द्रवाचा रंग फिका झाला म्हणून लिग्निनचे विघटन झाले, असे तू लिहिले आहेस. उमेदीच्या काळात मीही हाच निष्कर्ष काढून बसलो होतो. मग एकदा फ्लास्क तिरका केला आणि तळाशी तपकिरी साका दिसला. साखरेवर वाढताना जीवाणूंनी आम्ल सोडले होते, त्यामुळे सामू घसरला होता आणि अल्कलीत विरघळलेले लिग्निन न तुटता नुसतेच खाली बसले होते; साक्यात थोडा कॉस्टिक सोडा घालताच तो काळपट रंग परत आला. म्हणून जीवाणू न घालता सामू तेवढाच उतरवलेला एक फ्लास्क शेजारी ठेवत जा, आणि मृत पेशींचाही एक ठेव, कारण लिग्निन पेशींना चिकटूनही बसते.

अख्खे लिग्निन पचवणाऱ्या जीवाणूच्या शोधात वर्षे घालवू नकोस. क्राफ्ट प्रक्रियेत, म्हणजे अल्कली आणि सल्फाइडमध्ये लाकूड शिजवण्याच्या पद्धतीत, सहज तुटणारे ईथर बंध आधीच बरेचसे तुटलेले असतात आणि चिवट कार्बन-कार्बन बंध मागे उरतात. ते आधी रासायनिक मार्गाने फोडून लहान रेणू केले, तर स्यूडोमोनास पुटिडा हा जीवाणू त्यांपैकी अनेकांना प्रोटोकॅटेच्युएट किंवा कॅटेकॉल या मोजक्या रेणूंपर्यंत आणून सोडतो. कॅटेकॉलपासून म्युकोनिक आम्ल होते. ते पुढे पचवणारी जनुके काढली की ते साठते, आणि त्याला हायड्रोजन जोडून नायलॉनसाठी लागणारे अ‍ॅडिपिक आम्ल करता येते. मात्र तो मार्ग असा अडवला की त्या रेणूंवर पेशीचे पोट भरत नाही. तिला ग्लुकोज किंवा अ‍ॅसिटेट वेगळे द्यावे लागते, आणि हा खर्च हिशेबात धरायला अनेक जण विसरतात.

पुढच्या पत्रात तिन्ही फ्लास्कचे आकडे पाठव, साक्याच्या वजनासह. जनुकांविषयी त्यानंतर सविस्तर लिहीन.

तुझा हितचिंतक