तेराव्या महिन्याचा हिशेब

प्रश्न : माझे मालक बेळगावात उद्यमबागच्या एका फाउंड्रीत १९ वर्षं मोल्डर होते, वाळूचे साचे करायचे. गेल्या वर्षी कंपनीच बंद पडली. ईएसआयकडून, म्हणजे कामगार विम्याकडून, बेकारी भत्ता सुरू झाला, महिन्याला ९ हजारांच्या आसपास यायचे. वर्ष झालं आणि परवा खात्यात साडेचार हजारच पडले. ऑफिसात विचारलं तर तिथल्या माणसाने कन्नडमधून भराभर काहीतरी सांगितलं, त्यातलं 'अर्ध' एवढंच मला कळलं. शेजारचे म्हणतात, वर्ष संपलं की नवीन अर्ज भरायचा, मग पुन्हा ९ हजार सुरू होतात. खरं का? शिनोळीला वॉचमनचं काम मिळतंय, पगार १२ हजार सांगतात. तिथे जावं की भत्ता संपेपर्यंत थांबावं? त्यात थोरलीचा युवा निधी, कर्नाटक सरकारचा बेकार भत्ता, तोही आता बंद झाला. काळजीने म्हणा किंवा खोकल्याने म्हणा, यांना रात्रभर झोप नाही.
— एक भगिनी, येळ्ळूर

उत्तर : वहिनी, तुम्ही 'माझे मालक' लिहिलंय ते वाचून आधी मला वाटलं, कंपनीच्या मालकाचीच बायको भत्त्याचं विचारतेय की काय! दुसऱ्या ओळीत उलगडा झाला. हसू नका, मी ३१ वर्षं फाउंड्रीच्या टाइम ऑफिसात बसलोय, मालक म्हटलं की मला हजेरीपटच दिसतो.

तुमच्या खात्यात चूक झालेली नाही. हा जो भत्ता आहे तो राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेचा. कारखाना बंद पडला किंवा कायदेशीर कपात झाली तर तो मिळतो. १ एप्रिल २००५ पासून ही योजना आहे. आमच्या काळात भट्टी थंड पडली की माणसं दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन नुसती गेटवर येऊन उभी राहायची, सवयीने. तेव्हा असलं काही नव्हतं. योजनेचा हिशेब असा : पहिले १२ महिने सरासरी रोजच्या पगाराच्या ५० टक्के, तेराव्यापासून चोविसाव्या महिन्यापर्यंत २५ टक्के. यांचा सरासरी रोज ६०० धरला तर आधी दिवसाला ३०० मिळत होते, आता १५०. तो माणूस 'अर्ध' म्हणाला ते याचंच. शब्द दोन्ही भाषांत एकच आहे, त्यामुळे नेमका तेवढाच तुमच्या कानाला लागला.

नवीन अर्ज भरला की घड्याळ मागे जातं, हे शेजाऱ्यांचं म्हणणं खोटं आहे. २४ महिने हे वर्षाला नाहीत, माणसाच्या अख्ख्या नोकरीच्या आयुष्याला आहेत. सलग घ्या किंवा तुकड्यातुकड्याने घ्या, तुकडा एका महिन्यापेक्षा कमी नसावा. म्हणजे यांचे आता १२ महिने शिल्लक आहेत, पण ते २५ टक्क्यांवालेच. वयाची साठी किंवा निवृत्तीचं वय, जे आधी येईल, तिथे हे थांबतं.

आता शिनोळी. दुसरी नोकरी लागली की भत्ता बंद होतो, आणि ती लागलेली लपवून भत्ता चालू ठेवायचा, असं कुणी सुचवलं तर त्याच्या घरी चहासुद्धा घेऊ नका. खोटी माहिती दिल्याची शिक्षा झाली तर उरलेला हक्कही जातो. पण उघडपणे नोकरी धरली आणि ती पुढे अशाच कारणाने सुटली तर शिल्लक महिने मागता येतात. साडेचार हजार सोडून १२ हजार घ्यायला हरकत काय, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटतं. फक्त एक गोष्ट आधी बघा.

भत्ता चालू आहे तोवर यांना आणि तुम्हा घरच्यांना ईएसआयचा दवाखाना चालू आहे. भत्ता अर्धा झाला तरी कार्ड अर्धं झालेलं नाही. नोकरी धरली की भत्त्याबरोबर तेही सुटणार, जर नव्या ठिकाणी ईएसआय कापत नसतील तर. शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, म्हणून नंबर बदलावा लागेल असं समजू नका. तो दहा आकडी विमा नंबर देशभर एकच चालतो. सीमा आपल्याला आडवी येते, त्याला येत नाही. तेव्हा रुजू होण्याआधी ठेकेदाराला तोंडावर विचारा : 'पगारपत्रकात ईएसआय दाखवता का?' १२ हजारांवर कामगाराचे पाऊण टक्का म्हणजे ९० रुपये कापले जातात, मालकाचे सव्वातीन टक्के म्हणजे ३९० भरले जातात. 'कापून काय करता, हातात जास्त देतो की' असं तो म्हणाला तर ते ९० रुपये तुमच्या भल्यासाठी वाचवत नाहीये, स्वतःचे ३९० वाचवतोय.

आणि खोकला. पत्रात शेवटी एका वाक्यात तुम्ही तो उरकलाय, मला मात्र तिथेच अडखळायला झालं. १९ वर्षं मोल्डर म्हणजे १९ वर्षं वाळू. साचा फोडताना जी धूळ उठते ती डोळ्यांना दिसते, फुफ्फुसात जाते ती दिसतही नाही. आमच्याकडे फेटलिंगचा, म्हणजे ओतीव माल घासून साफ करणारा, एक गडी होता, संध्याकाळी नळाखाली तोंड धुतलं की पाणी काळं व्हायचं, आणि तो म्हणायचा, 'आतलं कोण धुणार?' कार्ड जिवंत आहे तोवर यांना अशोकनगरच्या ईएसआय हॉस्पिटलात घेऊन जा, छातीचा एक्स-रे काढा, आणि डॉक्टरना 'खोकला आहे' एवढंच सांगू नका, 'फाउंड्रीत १९ वर्षं मोल्डिंग केलंय' असं सांगून केसपेपरवर तसं लिहून घ्या. धुळीने होणारा फुफ्फुसाचा सिलिकोसिस कायद्यात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला आहे, त्याच्या भरपाईचा हक्क बेकारी भत्त्यापासून वेगळा आहे. काही नसलं तर उत्तमच. पण शिनोळीला जायच्या आधी हे काम करा.

जाता जाता, पत्रात ग्रॅच्युइटीचं नावच नाही. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,६०० असेल तर २६ ने भागून, १५ ने आणि १९ ने गुणलं की १ लाख ७१ हजार होतात. मिळाली नसेल तर कामगार खात्यात अर्ज करा. कंपनी बंद पडली म्हणून ती बुडत नाही.

थोरलीचं सोपं आहे. युवा निधी पदवीवाल्यांना महिना ३,०००, पदविकावाल्यांना १,५००, आणि जास्तीत जास्त दोन वर्षं. तिची दोन वर्षं भरली. पण पुढचं शिक्षण घेणाऱ्याला तो मिळत नसल्याने ती आजवर अडकून बसली असेल, तर आता एम.कॉम.ला नाव घालायला किंवा अप्रेंटिस म्हणून लागायला तिला कसलीच आडकाठी नाही.

प्रश्न : मच्छेला एका कारखान्यात ठेकेदाराकडे होतो. मागे काम गेलं तेव्हा ईएसआयच्या अटल योजनेतून ९० दिवसांचा भत्ता घेतला. नंतर दुसरीकडे लागलो, तेही काम सप्टेंबरअखेर गेलं. परत मिळेल का?
— एक वाचक, पिरनवाडी

उत्तर : नाही. तो जन्मात एकदाच. आणि ठेकेदाराचं कंत्राट संपलं, एवढ्या कारणावर वरच्या उत्तरातली राजीव गांधी योजनाही लागू होत नाही. पण कार्ड फेकू नका. एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांत तुमच्या नावावर किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर नोकरी नसतानाही तुमचा ईएसआयचा दवाखाना पुढच्या ३० जूनपर्यंत चालतो. किती दिवस भरलेत ते ठेकेदाराच्या तोंडून ऐकू नका, ईएसआयच्या पोर्टलवर स्वतःच्या विमा नंबराने बघा.