नववीत कथक सोडू द्यायचं का?

जून उजाडला की एकाच जातीचा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या घरांतून येतो. मूल नववीत गेलेलं असतं, दुसरी-तिसरीपासूनचा एखादा क्लास चालू असतो आणि ते एक दिवस म्हणतं, मला हे सोडायचंय. कुणाचा तबला असतो, कुणाचं कराटे, कुणाचं बुद्धिबळ. आईवडील कात्रीत सापडतात. सोडू दिलं तर इतक्या वर्षांची फी आणि धावपळ पाण्यात गेली असं वाटतं, वर अर्धवट टाकायची सवय लागेल ही धास्ती. नाही सोडू दिलं तर दहावीच्या तोंडावर घरात रोज वाजणार.

त्यातली एक गोष्ट सविस्तर सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलीला सायली म्हणू. सांगलीतली, सेमी-इंग्रजी शाळेत नववीत शिकणारी. वडील सहकारी पतसंस्थेत, आई घरी शिवणकाम करते. सायली दुसरीपासून कथक शिकत होती. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम आणि प्रवेशिका पूर्ण या परीक्षा झाल्या होत्या, पुढची मध्यमा प्रथम. आई पहिल्या भेटीत म्हणाली, "मॅडम, एवढी वर्षं केलं आणि मध्यमाला आल्यावर म्हणती नको. तिचे सगळे ड्रेस मी शिवलेत ओ. मी काय करू सांगा."

ड्रेसचं वाक्य मी मनात नोंदवून ठेवलं. क्लास मुलीचा असला तरी आईचाही त्यात बराच जीव गुंतलेला होता, आणि ते चूक नाही. फक्त निर्णय घेताना कुणाचं दुःख कुठलं, हे वेगळं दिसायला हवं.

वडिलांचा मुद्दा निराळा. त्यांचा चुलतभाऊ न्यू जर्सीला असतो. त्याने फोनवर सांगितलं होतं की आता नुसत्या मार्कांवर काही होत नाही, मुलीचं 'प्रोफाइल' बनवा. म्हणून कथकच्या जोडीला चित्रकलेचा क्लास आणि होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेची शिकवणी आली होती. गणित-विज्ञानाची ट्यूशन वेगळीच.

हा प्रोफाइलचा घोळ मला हल्ली इतक्यांदा निस्तरावा लागतो की त्यावर थोडं बोलायलाच हवं. अमेरिकेतल्या कॉलेजांना पदवीसाठी अर्ज करताना मुलांना आपले उपक्रम लिहावे लागतात, हे खरं. तिथल्या कॉमन ॲप नावाच्या अर्जात त्यासाठी दहा जागा असतात. पण त्याच अर्जात प्रत्येक उपक्रमापुढे आठवड्याचे किती तास आणि वर्षाचे किती आठवडे, हेही विचारलेलं असतं. म्हणजे दहा ठिकाणी तोंड दाखवून आलेल्या मुलाचं पितळ तिथंच उघडं पडतं. आणि सायलीला जायचं होतं कुठं? घरच्यांच्या मनात इंजिनिअरिंग किंवा फार्मसी, तेही महाराष्ट्रात. तिथे एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचा पर्सेंटाइल बघतात. नीट आणि जेईईलाही कथक किंवा कराटेचा एकही गुण मिळत नाही. न्यू जर्सीचा सल्ला न्यू जर्सीसाठी ठीक होता.

दहावीला मात्र वाढीव गुण मिळतात. वडिलांना ते ऐकून माहीत होतं, पण नेमकं नाही. शासकीय रेखाकला परीक्षा दोन, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. इंटरमिजिएटला ए श्रेणी आली तर सात, बी आली तर पाच आणि सी आली तर तीन गुण. मान्यताप्राप्त संस्थांच्या शास्त्रीय गायन, वादन, नृत्याच्या परीक्षांनाही गुण आहेत, किती परीक्षा उत्तीर्ण झालात त्यावर. खेळाचे गुण स्पर्धेच्या पातळीप्रमाणे, जिल्ह्यापासून वर. प्रस्ताव शाळेमार्फत मुदतीत जावा लागतो, म्हणून त्या वर्षीचं परिपत्रक शाळेच्या ऑफिसातून आधीच बघून घ्यावं. दहावीची टक्केवारी उत्तम पाच विषयांच्या 500 गुणांवर निघते, तेव्हा सात गुण म्हणजे 1.4 टक्के. अकरावीच्या कटऑफला हे कमी नाहीत. गुणांसाठी एखादी गोष्ट करण्यात मला कमीपणा वाटत नाही. मात्र गुणांसाठी करतोय तर तसं मुलाला सरळ सांगावं. "यात तुझा व्यक्तिमत्त्व विकास आहे" असं म्हणून चित्रकलेला पाठवायचं आणि आतून श्रेणीकडे डोळा ठेवायचा, हे मुलं पाचवीपासून ओळखतात.

दुसऱ्या भेटीत मी सायलीला एक कोरा कागद दिला आणि सोमवार ते रविवार लिहायला सांगितलं. उठते कधी, निजते कधी, मधलं सगळं. तिने अक्षर सुबक काढत लिहिलं. सकाळी सातची शाळा, म्हणून पावणेसहाला उठायचं. दुपारी ट्यूशन. मंगळवार, गुरुवार, शनिवार संध्याकाळी कथक, साडेसहा ते आठ. रविवारी सकाळी चित्रकला, दुपारी होमी भाभा. गृहपाठ जेवण झाल्यावर. झोप बाराला. म्हणजे शाळेच्या दिवशी सहा तासांहूनही कमी. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप लागते, असं झोपेचे डॉक्टर सांगतात. कागद आईसमोर ठेवल्यावर ती बराच वेळ बघत राहिली. रोज तिलाच उठवावं लागायचं, पण हिशेब कुणी मांडला नव्हता.

मग सायलीशी एकटीशी बोलले. "का सोडायचंय?" असं मी सहसा विचारत नाही. त्याला "कंटाळा आला" हे उत्तर ठरलेलं असतं आणि आईबापांना ते आधीच पाठ असतं. मी विचारते, नेमकं काय सोडायचंय? नाच, परीक्षा, बॅच, बाई की जाण्यायेण्याचा त्रास? मूल यातल्या एकाच गोष्टीला वैतागलेलं असतं आणि सोडतं मात्र सगळं.

सायलीचं असं निघालं. आठवीत ट्यूशन लागली तेव्हा तिची जुनी बॅच सुटली. तिच्याबरोबरच्या तिघी त्याच सुमाराला गळल्या. साडेसहाच्या बॅचला सगळी तिसरी-चौथीची मुलं. बाई तिला पुढे उभं करून लहानांना तत्कार, म्हणजे पायांचे मूळ ठेके, दाखवायला लावायच्या. तिचे स्वतःचे तोडे, परण अशा नाचाच्या रचना परीक्षा जवळ आली की तेवढ्यापुरत्या. बाकी वेळ लेखी परीक्षेच्या वह्या, ताल दुगुन-चौगुनमध्ये, म्हणजे दुप्पट-चौपट लयीत, लिहायचे. "मी तिथं शिकत नाही, सांभाळायला जाते," ती म्हणाली. चौदा वर्षांच्या मुलीला आपल्या वयाचं कुणी शेजारी नसणं किती जड जातं, हे मोठी माणसं विसरून जातात.

मी विचारलं, क्लास नसलेल्या दिवशी शेवटचे घुंगरू कधी बांधलेस? तिला आठवेना.

हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारते. दोन क्लासांच्या मधल्या दिवसांत मूल त्या गोष्टीला आपणहून हात लावतं का, यावरून मला प्रशस्तिपत्रकांच्या फाईलपेक्षा जास्त कळतं.

"मग मधल्या वेळात काय करतेस?" यावर ती खुलली. खो-खो. पी.टी.च्या सरांनी तिला शाळेच्या संघात घ्यायचं म्हटलं होतं. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, त्याचा अंतिम सामना तिने मोबाईलवर पाहिला होता. भारताच्या मुलींनी नेपाळला 78-40 असं हरवलं, कर्णधार आपल्याच महाराष्ट्राची प्रियंका इंगळे. सायलीने मला खांबाजवळची झेप म्हणजे पोल डाईव्ह कशी मारतात ते टेबलावर पेन ठेवून समजावलं. गुडघ्यावरची खपली दाखवली. सराव पाच ते साडेसहा, मैदानावर. आणि साडेसहाला कथक. गेले काही महिने घरात जी भांडणं चालली होती ती खरं तर या दीड तासाची होती. आईला वाटत होतं मोबाईलची आहेत.

आईला खो-खो पसंत नव्हतं. ऊन, काळवंडणं, मार लागणं, आणि न बोललेलं एक: मुलगी मोठी झाली, आता मैदानावर धावायचं? ते शेवटचं मीच बोलून टाकलं. पाळीच्या दिवसांत बरं वाटत असेल तर खेळायला हरकत नसते, त्रास होत असेल तर सुट्टी घ्यावी, सरांना कारण सांगायचीही गरज नाही. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वयाच्या मुलांना रोज सरासरी साठ मिनिटं दमवणारी हालचाल हवी म्हणते. नववीतल्या किती मुलींना ती मिळते, हे कुठल्याही शाळेच्या पटांगणावर संध्याकाळी जाऊन पाहावं.

एवढं झाल्यावर "सोडून टाक कथक" असं मी म्हटलं असतं तर सायली खूश झाली असती. पण तिच्या तक्रारीत नाचाविषयी एक शब्द नव्हता. सगळं बॅचविषयी होतं. म्हणून आधी बॅच बदलून पाहायची ठरली. बाईंची मोठ्या मुलींची बॅच रविवारी सकाळी असायची. चित्रकलेचा तास शनिवारी हलवला. नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्रात मध्यमा द्यायची नाही. होमी भाभाची शिकवणी बंद, कारण ती वडिलांनी निवडली होती आणि सायलीला प्रयोगांत रस असला तरी त्या शिकवणीत नव्हता. खो-खो आठवड्यातून तीन दिवस. चित्रकला इंटरमिजिएट होईपर्यंत, उघडपणे गुणांसाठी. आणि दिवाळीनंतर पुन्हा बसायचं. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिली. तारीख नसली की "बघू" होतं, आणि "बघू" म्हणजे नाही, हे मुलांना पक्कं ठाऊक असतं.

दिवाळीनंतर सायली म्हणाली, नवी बॅच चांगली आहे, पण मला नकोच आहे. यावेळी "कंटाळा" हा शब्द आला नाही. नाचायला आवडतं, पण मध्यमा, विशारद असं चढत जायचं मनात नाही, आणि मैदान सोडवत नाही, असं तिने नीट सांगितलं. आई रडली. मी समजूत घातली नाही, कारण तिचं जे गेलं ते खरोखर गेलं होतं. रात्री जागून टिकल्या लावलेले घागरे होते ते.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसले. बाईंना सायलीने स्वतः जाऊन सांगायचं. फोनवर आईने नाही, व्हॉट्सॲपवर मेसेज टाकून तर नाहीच. क्लासला जायचं बंद करणं, फी थांबवणं आणि रस्त्यात बाई दिसल्या की तोंड चुकवणं ही आपल्याकडची रूढ पद्धत आहे. 'अर्धवट सोडायची सवय' लागते ती अशाने. सायली गेली, पाया पडली, सांगून आली. बाई थोड्या रागावल्या आणि मग म्हणाल्या की कधीही ये.

पुढचं सांगायचं तर शाळेचा संघ जिल्ह्याच्या फेरीतच हरला. खेळाचे गुण काही मिळाले नाहीत. इंटरमिजिएटला बी श्रेणी आली, पाच गुण पदरात पडले. वडिलांनी मला स्पष्ट विचारलं, "मग मॅडम, खो-खोचा फायदा काय झाला?" मी म्हटलं, ती आता साडेदहाला झोपते. त्यांना ते उत्तर पुरेसं वाटलं नसावं. दहावीत काय करायचं यावर आमचा अजून पुरता मेळ बसलेला नाही. त्यांना जूनपासून मैदान बंद हवंय. मी म्हणते, स्पर्धा दिवाळीपर्यंत, सराव मात्र पूर्वपरीक्षेपर्यंत आठवड्यातून दोनदा तरी असू द्या. निम्मं त्यांनी मान्य केलंय.

हे वाचून कुणी लगेच मुलाचा क्लास बंद करू नये. मूल एक गोष्ट सोडून दुसरीकडे ओढ घेत असेल तर ते वाढीचं लक्षण, त्याला वाट द्यावी. पण काही मुलं सगळंच सोडतात. क्लास सोडला, मित्र सोडले, खेळ नको, आवडीचं जेवण नको, झोप एकदम कमी नाहीतर दिवसभर, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललंय. तिथे प्रश्न उपक्रम निवडण्याचा राहत नाही. एखाद्या क्लासचं नाव काढताच मूल घाबरत असेल, विशिष्ट व्यक्तीला टाळत असेल, तर कारण कळेपर्यंत त्याला तिथे पाठवू नका, फी कितीही भरलेली असो. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञाला किंवा समुपदेशकाला भेटा. गावात कुणी नसेल तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, रात्रीबेरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.