खाडीचं पाणी आणि बेंटोनाइट: नव्याने रुजू झालेल्यांसाठी

घणसोलीच्या साइटवर रुजू झालात, अभिनंदन! बुलेट ट्रेनच्या बोगद्याच्या ठाणे खाडीखालच्या ७ किलोमीटरांत स्लरी (पाणी आणि बेंटोनाइट मातीचं मिश्रण, जे खोदाईच्या तोंडावर दाब टिकवतं) सांभाळायची, तर सुरुवातीला एवढं पक्कं करा.

बेंटोनाइट, म्हणजे पाण्यात फुगणारी चिकणमाती, नेहमी गोड्या पाण्यात भिजवा आणि रात्रभर फुगू द्या. खाऱ्या पाण्यात थेट टाकलं तर ते नीट फुगतच नाही. फुगलेल्या स्लरीत खारं पाणी शिरलं, तर कण एकमेकांना चिकटतात, पाणी सुटतं, आणि खोदाईच्या तोंडावरचा थर जाड पण झिरपणारा होतो. मग दाब टिकत नाही.

नवखे फसतात ते मार्श फनेलवर, म्हणजे स्लरी किती वेळात खाली उतरते यावरून तिचा घट्टपणा मोजणाऱ्या नरसाळ्यावर. साधं पाणी २६ सेकंदांत उतरतं. स्लरीला ४५ लागले की ती उत्तम, असं समजू नका. मिठाने गुठळलेली स्लरीही घट्ट लागते. फिल्टर प्रेस (स्लरी दाबाखाली गाळून किती पाणी सुटतं ते मोजणारं उपकरण) लावाच: ७ बार दाब, ३० मिनिटं. शिवाय मोजपात्रात नमुना ठेवा. वर नितळ पाणी साचलं, तर मीठ किंवा सिमेंट शिरल्याची शंका घ्या.

बिघडलेल्या स्लरीत कोरडी पावडर ओतू नका, फुकट जाते. थोडी स्लरी काढून भिजवलेली ताजी मिसळा. सोडा अ‍ॅश (धुण्याचा सोडा) सिमेंटमधून आलेल्या कॅल्शियमवर चालतो, मिठावर नाही.

स्लरीत मिसळायच्या पॉलिमरचं नंतर बघू. आधी दर शिफ्टला स्लरीची कंडक्टिव्हिटी (विद्युतवाहकता, मीठ शिरलं की ती वाढते) लिहायला लागा.