रायफलचा हँडगार्ड वारंवार फिरून रेलच्या रेषेतून बाहेर जातो. तो पक्का कसा बसवावा?

तुमच्या प्रश्नानुसार, तुमच्या एआर नमुन्याच्या (एआर-१५ धाटणीच्या) रायफलवर फ्री-फ्लोट हँडगार्ड, म्हणजे नळीला न टेकणारे, हाताने धरायचे बाहेरचे आवरण, आहे. बसवताना त्याची वरची रेल (साधने बसवण्याची खाचदार पट्टी) रिसीव्हरच्या, म्हणजे रायफलच्या मधल्या मुख्य भागाच्या, रेलशी अगदी एका रेषेत होती, परंतु शंभरेक फैरी झाडल्यानंतर तो डावीकडे किंचित फिरलेला दिसतो, आणि प्रत्येक वेळी स्क्रू आधीपेक्षा अधिक जोर लावून आवळले तरी पुढच्या सरावानंतर तीच स्थिती होते. माझी पहिली विनंती अशी की आता स्क्रू आणखी आवळू नका. माझ्या रायफलवर हीच तक्रार आली तेव्हा मी दोन महिने जोर वाढवत राहिलो आणि अखेरीस क्लॅम्पमधील (हँडगार्डच्या मागच्या टोकाच्या, स्क्रूने आवळल्या जाणाऱ्या पकडीतील) एका छिद्राचे आटे उपटून निघाले. ॲल्युमिनियमच्या छिद्रात पोलादी स्क्रू असला की बहुतेक वेळा आधी छिद्राचेच आटे जातात. मूळ दोष मात्र स्क्रूत नव्हताच.

कामाला हात घालण्यापूर्वी मॅगझिन काढा, बोल्ट (काडतूस आत ढकलणारा सरकता भाग) मागे ओढून अडकवा, चेंबर (काडतूस बसण्याची जागा) डोळ्यांनी पाहा आणि बोट घालूनही तपासा, आणि काडतुसे त्या खोलीतच ठेवू नका. हे आपल्याला ठाऊक असते, तरीही दुरुस्तीच्या नादात याचाच विसर पडतो, म्हणून मुद्दाम लिहीत आहे.

फ्री-फ्लोट हँडगार्ड नळीला कोठेही टेकत नाही. नळी रिसीव्हरला जखडणाऱ्या बॅरल नटभोवती त्याचे मागचे टोक आवळलेले असते आणि बाकीची सर्व लांबी हवेत पुढे आलेली असते. हँडगार्ड ३८ सेंटिमीटर लांब असेल तर त्यातील जेमतेम चार-पाच सेंटिमीटरच नटाला धरून असतात. पुढच्या टोकाला बायपॉड (दोन पायांचा आधार) लावून त्यावर भार टाकला, पट्टा ताणून धरला किंवा हँडगार्ड एखाद्या आधारावर दाबून गोळी झाडली, की तेवढ्याशा पकडीवर तरफेसारखा जोर येतो. टोकाशी पाच किलोचा भार असला तरी मुळाशी साधारण १७ न्यूटन-मीटर इतका वाकवणारा जोर पडतो. आता ही पकड नेमकी कोठे सुटते, हे शोधायचे आहे.

त्यासाठी महागडे साधन लागत नाही, पांढऱ्या रंगाचा बारीक टोकाचा पेंट मार्कर पुरतो. हँडगार्ड सरळ बसवा आणि तीन ठिकाणी रेघा ओढा: पहिली प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर जाणारी, दुसरी हँडगार्डवरून रिसीव्हरवर जाणारी, आणि बॅरल नटाची कड दिसत असेल तर तिसरी नटावरून रिसीव्हरवर जाणारी. रंग पूर्ण वाळू द्या, नेहमीसारखा सराव करा आणि मग रेघा पाहा. स्क्रूवरची रेघ तुटली असेल तर स्क्रू हादऱ्यांनी सैल होत आहेत. स्क्रूवरच्या रेघा अखंड आहेत पण हँडगार्ड आणि रिसीव्हर यांच्यामधली रेघ तुटली आहे, असे दिसले तर स्क्रू जागेवर असूनही क्लॅम्प नटावरून घसरतो आहे. आणि नटावरची रेघच सरकली असेल तर बॅरल नट सैल आहे. या तिन्ही दोषांवरचे उपाय एकमेकांपेक्षा अगदी वेगळे आहेत, आणि ते न ओळखता सगळ्यांवर एकच उपाय करत राहिल्यामुळेच ही तक्रार वर्षानुवर्षे रेंगाळते.

तुमच्या वर्णनावरून मला दुसऱ्या प्रकाराची शक्यता सर्वांत अधिक वाटते. हँडगार्ड पूर्ण उतरवून बॅरल नटाची बाहेरची बाजू आणि क्लॅम्पची आतली बाजू उजेडात न्याहाळा. माझ्या नटावर एका बाजूला नखाएवढा चकचकीत घासलेला पट्टा होता, त्याच्या कडेला बोटाला लागणारी राखाडी बारीक पूड होती आणि उरलेल्या भागावर तेलाचा पातळ थर होता. याचा अर्थ क्लॅम्प संपूर्ण घेराला न धरता एकाच ठिकाणी टेकत होता आणि तेथेही तेलावरून सरकत होता. हे तेल बहुधा नटाच्या आट्यांतून येते. रिसीव्हरच्या आट्यांवर नट चढवताना ग्रीस लावणे आवश्यकच असते, पण त्यातील जास्तीचे ग्रीस बाहेर येते आणि नळी तापली की पातळ होऊन नटाच्या पृष्ठभागावर पसरते. म्हणून दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, फडक्यावर काळा डाग उमटेनासा होईपर्यंत पुसा आणि पूर्ण कोरडे होऊ द्या. सँडपेपर मात्र लावू नका. त्याने नटाचा व्यास कमी होतो आणि पकड आणखी ढिली पडते.

याच वेळी क्लॅम्पची फट तपासा, कारण ही बाब बहुतेकांच्या नजरेतून सुटते. क्लॅम्प आवळल्यावरही त्याच्या दोन ओठांमध्ये थोडी फट उरली पाहिजे. ते ओठ एकमेकांना टेकले असतील तर स्क्रूला लावलेला जोर ओठांवरच खर्च होतो. हाताला स्क्रू दगडासारखा घट्ट लागतो, पण नटावरची पकड तसूभरही वाढत नाही. अशा वेळी नट आणि हँडगार्ड हे एकमेकांसाठी बनलेले नाहीत, किंवा दोहोंपैकी एकाचे माप चुकले आहे, असे समजावे. पातळ पत्र्याची पट्टी घालून काम भागवणारे लोक मी पाहिले आहेत. माझ्या मते तो तात्पुरता तोडगा आहे आणि योग्य मापाचा नट बसवणे हाच खरा उपाय आहे.

तेल आणि फट या दोन्ही गोष्टी ठीक असूनही रायफल तापल्यावरच हँडगार्ड सरकत असेल, तर धातूंचा फरक लक्षात घ्या. एक अंश सेल्सिअस तापमान वाढले की ॲल्युमिनियम दर मीटरला सुमारे २३ मायक्रॉन वाढते आणि पोलाद सुमारे १२. नट पोलादी व क्लॅम्प ॲल्युमिनियमचा असेल, तर ३५ मिलिमीटर व्यासावर ६० अंशांच्या वाढीने क्लॅम्प नटापेक्षा जवळजवळ ०.०२ मिलिमीटर अधिक फुगतो. आकडा क्षुल्लक दिसतो, परंतु पकड मुळातच काठावर असेल तर ती सुटायला एवढेही पुरते.

आता बसवण्याची रीत. हँडगार्ड मागे शेवटपर्यंत दाबा आणि रिसीव्हरशी असलेल्या फटीत कागदाची पट्टी चारही बाजूंनी घालून पाहा. काही बनावटींत ही फट मुद्दाम ठेवलेली असते, त्यामुळे फट असण्याला हरकत नाही, पण ती सगळीकडे सारखी हवी. त्यानंतर दोन्ही रेलवर एकाच वेळी बसेल असा एकसंध सरळ तुकडा, उदाहरणार्थ रेल जुळवण्याचे साधन किंवा रिकामा लांब स्कोप माउंट, जोडावर आडवा पकडून घट्ट करा, म्हणजे स्क्रू फिरवताना हँडगार्ड हलणार नाही. मी पूर्वी नजरेने रेषा जुळवून स्क्रू आवळत असे, आणि शेवटच्या पाव वळणात हँडगार्ड स्क्रूबरोबर ओढला जातो हे मला फार उशिरा कळले. सर्व स्क्रू आधी बोटांनी टेकवा, मग एक डावीकडचा आणि एक उजवीकडचा असे आळीपाळीने, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. काम झाल्यावर तो तुकडा काढून टाका. दोन्ही रेलवर मिळून कोणतेही दृक्-साधन कायमचे बसवू नये.

किती आवळायचे, हे उत्पादकाच्या पत्रकातच पाहा आणि त्यासाठी टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) वापरा. एकक नीट वाचा, कारण हँडगार्डच्या स्क्रूंचे माप सहसा इंच-पाउंडांत असते आणि बॅरल नटाचे फूट-पाउंडांत. एकाऐवजी दुसरे वाचले की बारापट चूक होते. एआर नमुन्याच्या मूळ बॅरल नटासाठी ३० ते ८० फूट-पाउंड, म्हणजे सुमारे ४१ ते १०८ न्यूटन-मीटर, ही मर्यादा रूढ आहे. हँडगार्डचा एखादा स्क्रू त्याच्या जवळपासही नेऊ नका.

स्क्रूच सैल होत असल्याचे रेघेवरून दिसले, तर आटे तेलमुक्त करून मध्यम ताकदीच्या निळ्या थ्रेडलॉकरचा (आटे धरून ठेवणाऱ्या चिकट द्रवाचा) एक थेंब पुरे. तो पूर्ण पक्का होण्यासाठी २४ तास द्या. लाल प्रकार नको, तो सोडवायला बराच उष्णतेचा मारा करावा लागतो. थ्रेडलॉकर स्क्रूला धरतो, हँडगार्डला नाही, म्हणून घसरणाऱ्या क्लॅम्पवर त्याचा काही उपयोग होत नाही.

बॅरल नट सैल निघाला तर ते काम परवानाधारक गनस्मिथकडे द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. त्यासाठी रिसीव्हर धरून ठेवणारी साधने लागतात, आणि गॅस ट्यूबसाठी (नळीतील वायू मागे नेणाऱ्या बारीक नळीसाठी) नटाची खाच जुळवायची असेल तर नट आवळण्याच्या दिशेनेच पुढे न्यावा लागतो; मागे सैल करून जुळवलेला नट पुन्हा सुटण्याची भीती असते.

हँडगार्ड अंशभर फिरल्याने काय बिघडते, असेही तुम्ही विचारले आहे. स्कोप किंवा रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम दाखवणारे साधन) रिसीव्हरवर असेल तर नेमावर परिणाम होत नाही. पण मागची साइट (नेम धरण्याची खूण) रिसीव्हरवर आणि पुढची साइट हँडगार्डवर असेल, तर हिशेब असा: पुढची साइट नळीच्या अक्षापासून ६५ मिलिमीटर उंच धरली तर एका अंशाने ती १.१ मिलिमीटर बाजूला जाते, आणि दोन साइटमधले अंतर ५० सेंटिमीटर असल्यास १०० मीटरवर गोळी सुमारे २२ सेंटिमीटर चुकते. तुमचा हँडगार्ड डावीकडे फिरतो, म्हणून गोळ्या उजवीकडे पडतील. लेझरही हँडगार्डवर लावलेला असल्यास त्याच्यावरही भरवसा ठेवू नका.

दुरुस्तीनंतर रेघा नव्याने ओढा, सुमारे वीस फैरी झाडून रायफल गरम असतानाच पाहा, पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा पाहा, आणि दोन्ही वेळा रेघा अखंड दिसल्यावरच झिरो करायला, म्हणजे नेम आणि गोळी पडण्याची जागा जुळवायला, बसा. पृष्ठभाग स्वच्छ, फट शिल्लक आणि टॉर्क योग्य असूनही हँडगार्ड आणि रिसीव्हर यांच्यामधली रेघ तुटली, तर हँडगार्ड नटासह उत्पादकाकडे परत पाठवा आणि सोबत त्या तुटलेल्या रेघेचे जवळून काढलेले छायाचित्र जोडा.