कापडी डायपर घ्या, पण आधी पॉलिसी परत करा

इंदूरच्या सुदामानगरमधल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. मुलगी अडीच महिन्यांची, यजमान पिथमपूरला नोकरीला. हातात महिन्याला ३४,००० येतात, त्यातले ९,००० भाड्यात जातात आणि तयार डायपरवर १,८००. बारा कापडी डायपरचा संच ५,५०० रुपयांना मिळतोय, घ्यावा का, असं त्या विचारतात. पत्राच्या शेवटी लिहिलंय: "बारशाला आलेले पैसे आणि होती ती बचत घालून मुलीच्या नावाने वार्षिक ४८,००० हप्त्याची पॉलिसी घेतली. पुढच्या हप्त्यासाठी महिन्याला चार हजार बाजूला काढायचे आहेत, म्हणून ही काटकसर. कागद हाती येऊन एकोणीस दिवस झाले."

ताई, डायपरचं उत्तर सोपं आहे. घ्या, पण बारा एकदम नको, आधी चारच घ्या. सासूबाई जुन्या सुती साड्यांचे लंगोट शिवून देतात असं तुम्हीच लिहिलंय, दिवसा घरात तेच उत्तम. रात्री आणि बाहेर जाताना तयार डायपर राहू द्या. त्याचे ३०० आणि साबण-पाण्याचे ३०० धरले, तरी महिन्याला बाराशे वाचतात. कापड ओलं झालं की लगेच बदलावं लागतं, नाहीतर बाळाला पुरळ येतं. धुताना कपडे मऊ करणारं द्रव्य घालू नका, त्याने कापड पाणी शोषत नाही. आतले जाड पॅड पावसाळ्यात दोन दोन दिवस वाळत नाहीत आणि तुमच्याकडे नर्मदेचं पाणी दिवसाआड येतं. चार वापरून पाहा, जमलं तर पुढचे घ्या.

आता पॉलिसी. ती ओळ वाचून मी पत्र बाजूला ठेवलं आणि आधी तारखा मोजल्या. कागद हाती आल्यापासून तीस दिवसांत पॉलिसी परत करता येते. तुम्ही लिहिलंत तेव्हा अकरा दिवस उरले होते, आज नऊ आहेत.

घरात कमावणारा एकच माणूस, आणि विमा कुणाच्या जिवाचा? अडीच महिन्यांच्या मुलीचा! विमा घेतात तो कमावणारा गेला तर मागच्यांचं चालावं म्हणून. उद्या यजमानांना काही झालं तर तुमच्या हाती काय येणार? भाडं आणि पुढचा हप्ता. हे असं विकणाऱ्याचा मला मनापासून राग येतो, मग तो यजमानांचा मावसभाऊ का असेना.

पंधरा वर्षं भरा, विसाव्या वर्षी पंधरा लाख, असं त्यांनी सांगितलं. भरायचे ७ लाख २० हजार, तेव्हा दुप्पट झाल्यासारखं वाटतं. व्याजाच्या भाषेत तो परतावा साडेपाच टक्क्यांच्या आसपास आहे, तोही कंपनीचा बोनस, म्हणजे नफ्यातला वाटा, त्यांच्या अंदाजाइतका मिळाला तर. महागाई सहा टक्के धरली तर वीस वर्षांनंतरचे पंधरा लाख म्हणजे आजचे पावणेपाच लाख. त्यात मुलीचं इंजिनिअरिंग होईल ही आशा आजच सोडा. टॅक्स वाचेल म्हणाले, पण या पगारावर नव्या किंवा जुन्या, कुठल्याही पद्धतीत टॅक्स बसतच नाही. मग वाचवायचं काय?

भीड बाजूला ठेवा. मावसभाऊ "सणानंतर बघू" म्हणतील, तेवढ्यात मुदत संपेल. त्यांच्यामार्फत नको, यजमानांनी स्वतः शाखेत जाऊन लेखी अर्ज द्यावा आणि शिक्क्यासह पोच घ्यावी. स्टॅम्प ड्यूटी, इतक्या दिवसांच्या विम्याचा आकार आणि तपासणीचा खर्च झाला असेल तर तो, एवढं कापून बाकीचे पैसे परत येतात. मुदत चुकली तर वर्षभराने पॉलिसी सोडता येईल, पण तेव्हा सगळे पैसे परत येणार नाहीत.

परत आलेल्या पैशाला हात लावू नका. तेच तुमचे अडीअडचणीचे पैसे, बँकेत मुदत ठेवीत राहू द्या. आज तुमच्या गाठीला काहीच नाही. बाळाला न्यूमोनिया झाला तर चार हजारांची काटकसर पुरणार नाही. यजमानांच्या कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम आहे म्हणता, त्यात मुलीचं नाव लागलंय का? जन्मानंतर ठरावीक दिवसांतच ते कळवावं लागतं. एचआरला आजच फोन करा.

मग यजमानांच्या नावाने निव्वळ टर्म विमा, म्हणजे ठरलेल्या मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा. ३१ वर्षांच्या निर्व्यसनी माणसाला पन्नास लाखांच्या विम्याला वर्षाला आठ-नऊ हजार लागतील. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. त्याच दिवशी डायपरवरचा जीएसटीही १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा दुकानदार जुनाच भाव लावत नाही ना, ते पाहा.

मुलीसाठी पोस्टात सुकन्या समृद्धी खातं उघडा. २५० रुपयांत उघडतं, सध्या व्याज ८.२ टक्के आहे. सरकार दर तीन महिन्यांनी दर ठरवतं, त्यामुळे तो कायमचा धरू नका. डायपरमधून वाचलेले बाराशे दर महिन्याला यात टाका. एखाद्या महिन्यात जमलं नाही तरी चालेल, वर्षाला किमान २५० जायला हवेत. अंगावर दुधाचं बाळ असताना त्या चार हजारांसाठी पोटाला चिमटा काढू नका.

पोच मिळाली की मला कळवा. शाखेतल्या लोकांनी अर्ज घ्यायला खळखळ केली, तर त्याच दिवशी अर्ज स्पीड पोस्टाने कंपनीला पाठवा आणि पावती जपून ठेवा.