रोपवाटिकेतील मर आणि ट्रायकोडर्मा

प्रश्न : खरीप कांद्याची रोपे उगवल्यावर काही दिवसांतच जमिनीलगत पिचून आडवी पडतात. यंदा बियाण्याला कार्बेन्डाझिम, ट्रायकोडर्मा आणि ॲझोटोबॅक्टर एकत्र चोळले, तरी फरक पडला नाही. ही जैविक खते खरोखर उपयोगी आहेत का? टोमॅटोच्या ट्रेमध्ये ती वापरावीत का?
— एक वाचक, निफाड

उत्तर : उपयोगी निश्चित आहेत, पण आपण ती ज्या पद्धतीने वापरलीत, त्यात ट्रायकोडर्माला जगण्याची संधीच मिळाली नाही. ट्रायकोडर्मा ही स्वतः एक बुरशी असून कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक तिलाही मारते. बाजारातील बियाणे पुष्कळदा थायरमसारखे बुरशीनाशक व ओळखीसाठी रंग लावूनच येते. असे रंगीत बियाणे असेल, तर ट्रायकोडर्मा बियाण्याला न लावता गादीवाफ्यात मिसळणे अधिक शहाणपणाचे. त्यासाठी चांगल्या कुजलेल्या १०० किलो शेणखतात १ किलो ट्रायकोडर्मा मिसळून पाणी शिंपडावे, ढीग सावलीत ओल्या गोणपाटाने झाकावा आणि आठवडा-पंधरा दिवसांत अधूनमधून खालीवर करावा. ढिगावर पांढरी-हिरवट वाढ दिसू लागली की हे खत पेरणीपूर्वी वाफ्याच्या वरच्या थरात मिसळावे. प्रक्रिया न केलेले बियाणे असल्यास किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा पुरेसा होतो.

ट्रायकोडर्मा रोगकारक बुरशीच्या तंतूंना विळखा घालून त्यांतील अन्न शोषते, शिवाय मुळांभोवतीची जागा आधीच व्यापते. म्हणून तो रोग येण्यापूर्वी द्यायचा असतो. मात्र आपल्या वर्णनावरून वाफ्यात पाणी साचत असावे, अशी दाट शंका येते. रोपांची अशी मर आणणाऱ्या पिथियम बुरशीचे बीजाणू पाण्यात पोहत रोपांपर्यंत पोहोचतात, त्यामुळे सपाट वाफा आणि दाट फोकलेले बी असेल, तर कोणतेही जैविक औषध हात टेकेल. वाफे १५ सेंटिमीटर उंच करून बी ओळीत विरळ पेरावे.

ॲझोटोबॅक्टर हा जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतो आणि मुळांच्या वाढीस पोषक द्रव्येही सोडतो. स्फुरद विरघळवणारे जिवाणू सेंद्रिय आम्ले सोडून चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत अडकलेले स्फुरद मोकळे करतात. प्रत्येकी २५ ग्रॅम प्रति किलो बियाणे या प्रमाणात गुळाच्या थंड द्रावणातून हलक्या हाताने चोळावे, बी सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावे. रासायनिक खताची गरज मात्र त्यामुळे संपत नाही.

टोमॅटोच्या ट्रेमध्ये जरूर वापरावे, किंबहुना तेथे लाभ अधिक स्पष्ट दिसण्यास वाव आहे, कारण ट्रेमध्ये भरल्या जाणाऱ्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) अन्नद्रव्ये फारशी नसतात आणि मातीतील उपयुक्त जीवसृष्टीही नसते. थोडे गांडूळखत व ट्रायकोडर्मा मिसळून ट्रे भरावेत; पुनर्लागवडीच्या वेळी मुळे जिवाणूंच्या द्रावणात दहा-पंधरा मिनिटे बुडवावीत. पाकीट घेताना अंतिम तारीख पाहावी आणि उन्हात ठेवलेला माल घेऊ नये.

सध्या मर पसरतच असेल, तर आधी पाणी तोडून शिफारशीप्रमाणे कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाची आळवणी करावी (द्रावण रोपांच्या मुळाशी ओतावे) आणि ट्रायकोडर्मा त्यानंतर दोन आठवड्यांनी द्यावा.